गिअरबॉक्स उतरवण्याआधी

वाचकाचे पत्र : माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. पहिल्या मालकाने तिचा रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या संगणकात बदल) करून घेतला होता आणि पुढच्या बंपरमागे मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) बसवला होता. गेल्या वर्षी मी बॉल-बेअरिंगचा मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), ऑइल कॅच कॅन (इंजिनातून निघणाऱ्या वायूतले तेल अडवणारा डबा) आणि सगळीकडे निळे सिलिकॉन होज टाकले. तेव्हापासून पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतात, चढावर केबिनमध्ये जळकट वास येतो आणि कात्रजचा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर दिसतो. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग दोनदा बदलले. आता मेकॅनिक म्हणतात की क्रँकचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील गेले आहे आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्स उतरतोच आहे, तर दणकट क्लच टाकून बूस्टही (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) १.१ बारवरून १.४ बारपर्यंत न्यावा, असे ट्यूनरचे मत आहे. काय करावे? इंजिनच्या खोलीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. – एक वाचक, कोथरूड

सप्रेम नमस्कार.

गिअरबॉक्स आताच उतरवू नका, आणि बूस्ट वाढवण्याचा विचार तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवा. आपल्या मेकॅनिकचे निदान चूकच आहे असे मी म्हणणार नाही. वीस वर्षांच्या इंजिनात मागचे सील झिजलेले असणे अगदी शक्य आहे. परंतु एकच पॅकिंग दोनदा बदलूनही गळती थांबत नाही, नव्या फिटिंगनंतर इंजिन एकाच वेळी अनेक बाजूंनी ओले होऊ लागते आणि त्याच सुमारास ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर नेणाऱ्या, नळ्यांची रचना बदललेली असते, तेव्हा प्रथम सीलवर नव्हे, तर इंजिनच्या पोटातल्या दाबावर संशय घ्यावा लागतो. तो दाब तसाच राहिला, तर आज बसवलेले नवे सीलही काही महिन्यांत ओलावेल आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वाया जाईल.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. टर्बोच्या गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त असल्यामुळे हे प्रमाणही जास्त असते आणि बूस्ट वाढवला की ते आणखी वाढते. या वायूला बाहेर पडण्यासाठी कारखान्याने दोन वाटा ठेवलेल्या असतात. इंजिन निवांत चालू असते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) निर्वात असतो आणि वायू एका चेक व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या झडपेतून) तिकडे ओढला जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्येच दाब तयार होतो, चेक व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या तोंडापाशी असलेल्या पाइपकडे वळतो. हा चेक व्हॉल्व्ह म्हणजे प्लास्टिकचा किरकोळ किमतीचा तुकडा असतो, पण तो उघडाच अडकला तर बूस्टची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरते. मग शिट्टी अडकलेल्या कुकरची वाफ जशी रिंगच्या कडेने फसफसू लागते, तसे तेल जिथे जागा सापडेल तिथून बाहेर येते : टॅपेट कव्हरमधून, डिपस्टिकच्या नळीतून आणि अर्थातच क्रँकच्या दोन्ही टोकांच्या सीलमधूनही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात मला तीन गोष्टी खटकल्या. कॅच कॅनला जोडलेल्या नळ्या मूळ ब्रीदर पाइपपेक्षा उघडच बारीक आहेत. कारखान्याने जाड नळी हौसेने दिलेली नसते. जोरात गाडी चालवताना जितका वायू तयार होतो तितका तिच्यातून सहज निघून जावा, यासाठी ती तेवढी जाड असते. डब्याची तोंडे अरुंद असली, तर डबा कितीही देखणा असला तरी तो ब्रीदरला घातलेला बुच ठरतो. दुसरे म्हणजे मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या वाटेवर चेक व्हॉल्व्ह मला दिसत नाही. तो होजच्या आड लपलेला असू शकतो, म्हणून हात घालून खात्री करून घ्या. सापडला तर बाहेर काढून दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंकून पाहा : एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात जाता कामा नये.

तिसरी बाब निळ्या होजची. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, म्हणून पाण्याच्या आणि बूस्टच्या पाइपसाठी ते योग्यच आहे. पण साधे सिलिकॉन तेल सोसत नाही. तेलाची वाफ वाहणाऱ्या नळीत ते हळूहळू फुगते, मऊ पडते आणि बाहेरून सतत ओलसर दिसू लागते. आपल्या इंजिनवरचा थोडा ओलावा निव्वळ या घामाचा असू शकतो. ब्रीदरसाठी आतून फ्लुओरोसिलिकॉनचे अस्तर असलेले होज मागा, नाहीतर मूळ रबरी पाइपच नवे आणून बसवा. दुकानदार 'सगळे सिलिकॉन एकच' असे म्हणाला, तर दुसरे दुकान गाठावे. नाना पेठेत दुकानांची वाण नाही.

दाबाची पहिली परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन गरम करून निवांत चालू ठेवा, तेल भरण्याचे झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. तो हलकेच आत ओढला गेला तर ठीक. उडाला किंवा वाफेचा झोत हाताला लागला तर समस्या आहे. याहून नेमके माप हवे असेल, तर गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी सुमारे दोन मीटर घ्या, तिचा इंग्रजी 'यू'च्या आकाराचा बाक करून खालच्या भागात थोडे पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर हवाबंद बसवा. झाकण आणि बाकी सर्व जागी असताना, इंजिनकडच्या बाजूचे पाणी किंचित वर चढले तर आत ओढ आहे. मोकळ्या बाजूचे चढले तर आत दाब साठतो आहे. ही पाण्याची नळी फक्त निवांत चालीसाठी वापरा. बूस्टवरचा दाब पाहायचा असेल तर कमी मापाचा दाबमापक लावून, शक्यतो डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर चालवण्याच्या यंत्रावर) पाहा, म्हणजे चालत्या गाडीत कोणाला नळी धरून बसावे लागणार नाही. निरोगी मांडणीत हा दाब बूस्टवरही वातावरणाच्या आसपासच राहतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो चढत जात असेल, तर मूळ मापाचे ब्रीदर पाइप तात्पुरते बसवून तीच चाचणी पुन्हा करा. फरक पडला तर दोषी कोण ते कळलेच. न पडला तर रिंगांकडे वळावे लागेल.

यानंतर गळतीचा उगम शोधा. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरते, त्यामुळे डाग जिथे पडतो तिथे दोष क्वचितच असतो. सर्वांत उंचावरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची असते. हे धुळीने माखलेल्या इंजिनवर शक्य नाही. अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टर प्लास्टिकने झाकून, थंड इंजिनवर डीग्रीझर मारून ते स्वच्छ करून घ्या. प्रेशर पंपाचा फवारा जवळून मारू देऊ नका. मग तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून पंचवीस-तीस किलोमीटर गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा. डाय मिळाला नाही, तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवूनही तेलाची पहिली रेघ स्पष्ट दिसते. तेल कोणते हेही ताडून घ्या : गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो.

आपल्या १.८ लिटर, २० व्हॉल्व्हच्या इंजिनात एक विशिष्ट फसगत नेहमी होते आणि मला वाटते आपण तिच्याच उंबरठ्यावर आहात. या इंजिनात टायमिंग बेल्ट एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, दुसऱ्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला, एक छोटी चेन पहिल्या कॅमवरून दुसरा कॅम फिरवते. त्या चेनच्या टेन्शनरखाली एक पॅकिंग असते आणि तिथेच अर्धचंद्राच्या आकाराचे रबरी सीलही असते. उष्णतेने ही दोन्ही कडक होतात, तेल हेडच्या टोकावरून ओघळते आणि नेमके बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) सांध्यावर जमते. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकच्या मागच्या सीलचेच तेल वाटते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलताना टेन्शनर न उचलता काम उरकले असेल, तर हे पॅकिंग अजून जुनेच असणार. तेव्हा गिअरबॉक्सच्या वरचा हेडचा कोपरा आरसा आणि टॉर्च घेऊन आधी पाहावा. पुढच्या बाजूला ऑइल फिल्टरच्या बैठकीचे पॅकिंगही या इंजिनांत वयाप्रमाणे गळते; तेही त्याच फेरीत तपासून घ्या.

जळकट वासाबद्दल मात्र दिरंगाई नको. या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो इंजिनच्या मागे, केबिनच्या भिंतीच्या बाजूला आहेत आणि केबिनची हवा काचेच्या खालच्या जाळीतून घेतली जाते. म्हणजे आपल्याला वास येतो, त्याअर्थी तेल तापलेल्या लोखंडावर पडते आहे. भरपूर भार असताना टर्बाइनचे घर लाल होण्याइतके तापते आणि तिथे तेलाची धार लागली तर आग लागू शकते. टॅपेट कव्हरची मागची कड आणि टर्बोला तेल नेणाऱ्या नळीचे दोन्ही सांधे कोरडे आहेत याची खात्री होईपर्यंत घाटात जाऊ नका, आणि गाडीत अग्निशामक ठेवा.

आता टर्बो. पुष्कळांची समजूत असते की टर्बोत रबरी सील असते आणि ते 'गेले' की तेल येते. तसे नाही. दीड लाखाहून अधिक फेरे मिनिटाला घेणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक रिंगा असतात, आणि तेल खालच्या वाटेने विनाअडथळा निघून जात असेल तोवरच त्या त्याला अडवू शकतात. म्हणून नवा टर्बो तेल ओकू लागला की टर्बोला दोष देण्याआधी तेलाची परतीची नळी पाहावी. ती दाबावर नव्हे, निव्वळ गुरुत्वावर चालते. ती रुंद हवी, शक्य तितकी सरळ खाली उतरणारी हवी, मध्ये कुठे पोट पडलेली नको आणि ऑइल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) ती तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. फ्लँजच्या पॅकिंगला सिलिकॉन फासण्याची खोड अनेकांना असते. आत घुसलेली त्याची एक गुठळी अर्धी वाट अडवायला पुरते. क्रँककेसमध्ये दाब असेल तर हीच परतीची वाट तुंबते, आणि पुन्हा आपण ब्रीदरपाशी येतो.

आपला टर्बो बॉल-बेअरिंगचा आहे, हे विसरू नका. अशा टर्बोला साध्या बुशच्या टर्बोपेक्षा बरेच कमी तेल लागते आणि म्हणून आत येणाऱ्या नळीत साधारण एक मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा ओघ कमी करणारा तुकडा) लागतो. काही टर्बोंत तो बनवणाऱ्यानेच आत बसवलेला असतो, तेव्हा टर्बोबरोबर आलेला कागद वाचल्याशिवाय दुसरा घालू नका. तो नसेलच, तर तेल प्रमाणाबाहेर शिरते, शाफ्टच्या कडेने एक्झॉस्टमध्ये जाते आणि सिग्नलला बराच वेळ थांबून निघाल्यावर निळा ढग सुटतो. इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तो ब्रीदरच्या वाफेचाही असतो; पाइपमधून तेल ओतता आले, तर ती निराळी गोष्ट आहे.

कात्रज उतरताना दिसणारा धूर बहुधा वेगळ्याच घरचा आहे. उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी उतरवता, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये निर्वात कमालीचा वाढतो आणि व्हॉल्व्हच्या गाइडमधून, झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलच्या कडेने, तेल ज्वलनकक्षात ओढले जाते. खाली येऊन पुन्हा वेग घेतला की ते जळते. चढावर पूर्ण भारात सतत धूर येत असेल तर रिंगा, आणि उतारानंतर एकच लोट येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्याची खातरजमा कंप्रेशन आणि लीक-डाउन चाचणीने होते. लीक-डाउनमध्ये प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा भरून किती निसटते ते मोजतात. दहा टक्क्यांच्या आत गळती असेल तर इंजिन चांगले, वीसच्या वर गेली तर काम निघाले. हवा कुठून निसटते हे कान देऊन ऐका : तेलाच्या झाकणातून फुस्स आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कंप्रेशनचा आकडा वाचताना पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे हे ध्यानात ठेवा. इथे हवेचा दाबच सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा थोडे कमी पण चारही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखे आकडे आले तर चिंता नको.

हे सर्व करूनही यूव्ही टॉर्चखाली बेल हाउसिंगच्या आतूनच तेल येताना दिसले, तर गिअरबॉक्स खुशाल उतरवा आणि त्याच वेळी क्लचही बदला. या बाबतीत ट्यूनरचे म्हणणे रास्त आहे, कारण मजुरी एकदाच पडते. सील टेफ्लॉनच्या ओठाचे आले, तर ते तेल किंवा ग्रीस न लावता कोरडेच, सोबतच्या प्लास्टिकच्या बाहीवरून सरकवून बसवायचे असते. जुन्या सवयीने मेकॅनिक त्याला बोटभर ग्रीस लावतात आणि नवे सील पहिल्या दिवसापासून ओलसर राहते. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे टाळा. ती रबर फुगवून काही काळ लपवाछपवी करतात, आणि आपल्याला तर गळती नीट दिसायला हवी आहे.

या इंजिनाच्या घराण्यात तेलाचा काळा चिखल साचण्याची प्रवृत्ती आहे. फोक्सवॅगनच्या ५०२.०० प्रमाणाचे, आपल्या हवेला मानवणारे ५डब्ल्यू-४० पूर्ण सिंथेटिक तेल वापरा आणि अशा फेरफार केलेल्या गाडीत ते पाच ते सात हजार किलोमीटरमध्येच बदला. टॅपेट कव्हर उघडल्यावर आत काळा थर दिसला, तर ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी साफ करून घ्यावी. इंजिन फ्लशने (आतला चिखल धुणाऱ्या रसायनाने) थर सुटून तीच जाळी बुजण्याचा धोका असतो.

आता सुधारणांकडे. बूस्ट १.४ बारवर नेणे म्हणजे ज्या वायूने आपल्याला हैराण केले आहे तोच आणखी निर्माण करणे होय. शिवाय पुण्याच्या पातळ हवेत समुद्रकाठच्या गाडीइतकी हवा सिलिंडरमध्ये ढकलायला टर्बोला आधीच जास्त वेगाने फिरावे लागते, आणि त्याने कोंबलेली हवा जास्त तापते. सध्या पैसे खर्चायचेच असतील तर ते ऑइल प्रेशर आणि ऑइल टेम्परेचरच्या मापकांवर खर्चा. तेल ८० अंशांवर येईपर्यंत बूस्ट मागू नये आणि १३० च्या पुढे गेले तर पाय उचलावा. घाटात ते वारंवार तितके तापत असेल तरच ऑइल कूलर घ्या, आणि तोही थर्मोस्टॅट असलेला. नाहीतर पावसाळ्यात शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये तेल कधी पुरेसे तापणारच नाही.

टर्बोची तेलाची नळी स्टेनलेसच्या जाळीची करून घेण्यास माझी पूर्ण संमती आहे. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारे सहज भेटतात, मात्र त्यांच्याकडून साधी रबरी हायड्रॉलिक नळी घेऊ नका. ती साधारण १०० अंशांच्या आसपासच्या कामासाठी असते. आपल्याला आतून टेफ्लॉनची, दोनशेच्या पुढे टिकणारी नळी हवी, तिच्यावर उष्णतारोधक बाही हवी आणि बँजो बोल्टला (ज्याच्या पोटातून तेल वाहते अशा सांध्याच्या बोल्टला) प्रत्येक वेळी नवे तांब्याचे वॉशर हवेत. बँजोच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू देऊ नका, कारण तिचा धागा आत सुटून टर्बोचे छिद्र बंद करतो. कॅच कॅन ठेवायचाच असेल तर आत पडदे असलेला, मूळ पाइपइतक्या रुंद तोंडांचा आणि परत टर्बोच्या तोंडाशी जोडलेला घ्या. वाफ उघड्यावर सोडणारा छोटा फिल्टर बसवू नका, आणि पावसाळ्यात डबा दर आठवड्याला रिकामा करा. त्यात जमणारे दुधाळ पाणी बहुतेक वेळा ज्वलनाच्या वायूतल्या बाष्पाचे असते, हेड गॅस्केटचे नव्हे.

कायद्याबद्दल आपण विचारले नाही, तरी थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या गाडीची पंधरा वर्षे केव्हाच उलटली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती संगम पुलाजवळच्या आरटीओच्या तपासणीत जाणार. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील, तर आगीच्या दाव्याच्या वेळी ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकते. मूळ टर्बो आणि एक्झॉस्टचे सुटे भाग जपून ठेवा.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा : मूळ मापाच्या पाइपसह आणि कॅच कॅनसह पाण्याच्या नळीने दाखवलेला फरक, चारही सिलिंडरचे लीक-डाउनचे आकडे, आणि यूव्ही टॉर्चमध्ये हेडचा गिअरबॉक्सकडचा कोपरा कसा दिसतो त्याचे छायाचित्र. ते हाती आल्यावर क्लच कोणता घ्यावा ते सांगता येईल.